घराला तांबं आणि घरात लागण

नातीच्या बारशाआधी घराला तांबं लावायचं मी ठरवलं, तेव्हा माझ्या मनात फक्त तिचं भलं होतं. (पुढं ज्यांनी मला नाही नाही ते ऐकवलं, त्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.)

आमची आरोही पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. गावात सर्दी-तापाची साथ होती. मंजुषानं, म्हणजे आमच्या घरच्या सरकारनं, फर्मान काढलं की ज्याला शिंक आली त्यानं बाळाला हात लावायचा नाही. मला तर नात मांडीवर घेऊन स्वतःच्या हातानं पाळण्यात घालायची होती. त्यासाठी मी नवा शर्टही शिवून घेतला होता. तेव्हा आजार उंबऱ्याच्या आत येऊच द्यायचा नाही, असं मी ठरवलं.

मी साखर कारखान्यात शेतकी खात्याचा कारकून. उसाच्या लागणीच्या, म्हणजे लागवडीच्या, नोंदी माझ्याकडं असतात, म्हणजे विज्ञानाशी माझा जुना संबंध. मोबाईलवर वाचलं की तांब्यावर विषाणू टिकत नाहीत. झालं! कडा गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून अर्थिंगची तांब्याची पट्टी आणली आणि दाराची कडी, फ्रिजचं हँडल, टीव्हीचा रिमोट, पाळण्याचा दांडा, सगळं मढवून टाकलं. धुळीनं तांबं काळं पडू नये म्हणून खिडक्याही गच्च लावून घेतल्या.

"हे घर हाय का डीपी हाय?" मंजुषानं विचारलं. (शिवारातल्या विजेच्या डीपीचं तांबं नुकतंच चोरीला गेलं होतं. गल्लीतली माणसं आमच्या कडीकडं जरा जास्तच वेळ बघत उभी राहायची.)

आरोही मात्र माझ्या ठोकाठोकीला वैतागली. बाळाला घेऊन ती मागच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि तिथली खिडकी सताड उघडी ठेवली. मी दाराबाहेरून तिला विज्ञान समजावलं. तिनं आतून पंखा वाढवला.

घर बघायला लोक येऊ लागले. मी प्रत्येकाला आत घेऊन, हात धरून कडीवर टेकवायचो आणि त्याला पटेपर्यंत अगदी तोंडाशी तोंड नेऊन समजावायचो. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या केशरबाईंना मी सगळं दोनदा सांगितलं, कारण त्यांना कमी ऐकू येतं. मेव्हणा हनुमान तर मुक्कामालाच होता, त्याला जेवताना सांगितलं. त्या दिवसांत माझं नाक थोडं वाहत होतं, पण ते कारखान्यातल्या भुशामुळं. अंगात कणकण होती, तीही भुशामुळंच असणार.

बारशाच्या आदल्या दिवशी केशरबाई तापानं झोपल्या. मग हनुमान. मग कडी बघून गेलेली निम्मी गल्ली. ठणठणीत राहिली ती आरोही, बाळ आणि मंजुषा. मी बोलायला लागलो की मंजुषा उठून स्वयंपाकघरात जाते, एवढंच तिनं केलं होतं.

डॉक्टरांनी मला तपासलं आणि घरातल्या तांब्याची हकिगत शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले की तांब्यावर पडलेला विषाणू मरतो, पण तोही जरा वेळानं. हा आजार जास्त करून तोंडातून निघतो आणि हवेतून थेट दुसऱ्याच्या नाकात जातो. बंद खोलीत तर फारच सोयीनं. "कडीला पट्टी लावलीत ते ठीक," ते म्हणाले, "पण ती तोंडाला लावायला पाहिजे होती."

आता बारसं पुढं ढकलणं भाग होतं. परळीकडं आमचे व्याही भगवानराव राहतात, मोठे ऊसवाले. माझा घसा बसलेला, तरी मीच फोन लावला.

"भगवानराव, आमच्याकडं लागण झालीय."

"झाली का? लई बेस झालं."

मला जरा विचित्र वाटलं. "अहो, सगळीकडं झालीय. एक कोपरा राहिला न्हाई."

"एकदम उरकली म्हणा की. मग आता तुमी मोकळेच. आमी सकाळी निघतोच."

एवढ्या साथीतही येणाऱ्या माणसाच्या काळजाचं मला कौतुक वाटलं. मंजुषालाही मी ते तसंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जीप भरून पाहुणे आले. भगवानराव उतरले ते शिवाराकडं बघतच. "पाव्हणं, उसाची कोणती लागण केलीत? आडसाली का पूर्वहंगामी?"

मंजुषानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि सगळा उलगडा तिला तिथल्या तिथं झाला. तिनं पाहुण्यांना घरात पाऊलच टाकू दिलं नाही. पाळणा अंगणात लिंबाखाली आणवला, सतरंज्या लांब लांब टाकल्या आणि माझ्या तोंडाला दुहेरी फडकं बांधून मला रस्त्यापलीकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसवलं. तिथून मी नातीचं बारसं बघितलं. आरोहीच्या नणंदेनं बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि पाठीत धपाटे खाल्ले, मला मात्र नाव काय ठेवलं तेही ऐकू आलं नाही. नातीला पाळण्यात भगवानरावांनी घातलं. माझ्या अंगावर नवा शर्ट होता. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भुशामुळं नव्हतं.

पुढं सगळे बरे झाले, बाळाला काही झालं नाही. मीही खडखडीत बरा झालो. मग एका सकाळी मंजुषानं आपणहून नात माझ्या मांडीवर ठेवली. तोंडावर अजून फडकं होतं म्हणून मी बोललो नाही, नुसता बघत राहिलो. पोरगी माझं बोट धरून झोपी गेली. घरात कुणी उठून गेलं नाही, कुणी दार लावलं नाही.

जरा वेळानं मी हळूच म्हणालो, "डॉक्टर म्हणाले, आता फडक्याची गरज न्हाई. सोडू का?"

"डॉक्टरला काय जातंय," मंजुषा गाठ आणखी आवळत म्हणाली. "त्यांना कुठं तुमच्यासंगं ऱ्हायचं हाय?"