दोन हेडफोन आणि एक सासरा

शिवहारने त्या दिवशी एकच ठरवलं होतं. शनिवारची सुट्टी आहे, तर जेवण झाल्यावर पलंगावर न लोळता हेडफोनची परीक्षा उरकून टाकायची. एवढ्या साध्या निश्चयापायी माणसाचा संसार पणाला लागू शकतो हे त्याला कोणी सांगितलं असतं, तर तो मुकाट्याने लोळला असता.

शिवहार कळमनुरीतल्या एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक. कचेरीत त्याला कोणी विचारत नसे (फाईल हरवली की मात्र सगळे त्यालाच विचारत), पण मोबाईलवरच्या 'कानसेन मंडळा'त त्याचा शब्द शेवटचा. भारी हेडफोनच्या नादी लागलेल्या बत्तीस जणांचं हे मंडळ. नागपूरच्या एका सभासदाने आपला नवाकोरा हेडफोन फिरतीवर काढला होता. कुरिअरने तो प्रत्येकाकडे तीन दिवस यायचा, त्याने आपल्या हेडफोनशी तुलना लिहायची आणि पेटी पुढच्याकडे धाडायची. शिवहारचा आज तिसरा दिवस होता. आधीचे दोन दिवस नव्यावर नुसती गाणी ऐकण्यात गेले होते, चार वाजता कुरिअरवाला येणार होता आणि तुलनेतला एक शब्दही लिहून झाला नव्हता.

तुलनेसाठी लोक गाणी लावतात. शिवहार मेंढ्या लावायचा. दिवाळीत साखऱ्याला सासरी गेला असताना, सासऱ्याचा कळप संध्याकाळी रानातून मेंढवाड्यात शिरतानाचा आवाज त्याने नऊ मिनिटं रेकॉर्ड करून आणला होता. शंभरावर मेंढ्या, गळ्यातल्या घंटा, कोकरांचा कालवा. हेडफोन खरा की खोटा ते इथेच कळतं असं त्याचं म्हणणं होतं, आणि मंडळ त्यावर अंगठे वर करायचं.

आधी त्याने जुना हेडफोन लावून टाचण काढलं. मग नवा चढवला. काय आवाज होता! खुरांखालचा एकेक खडा वेगळा ऐकू येत होता. एक मेंढी तर थेट त्याच्या मानेजवळ शिंकली. शिवहार डोळे मिटून सुखात बसला होता आणि चार मिनिटं दहा सेकंदांनी, मेंढ्यांच्या मागून, कडब्याच्या गंजीपलीकडून एक माणूस बोलायला लागला. जुन्या हेडफोनमध्ये हा माणूस कधीच आला नव्हता.

"अरे दिपक, सासरा आणखी एक घोंगडी देतो म्हणून राहिला! पहिलीच टोचते म्हणून मी ऑफिसातल्या जळबाला देऊन टाकली. तो तिनं मोटारसायकल झाकतो."

शिवहारने हेडफोन भिरकावलाच असता, पण तो दुसऱ्याचा आहे हे आठवून हळूच टेबलावर ठेवला आणि रेकॉर्डर बंद केला. तो माणूस म्हणजे शिवहार स्वतःच होता! रेकॉर्डर भिंतीवर ठेवून तो गंजीमागे दिपकशी, आपल्या मित्राशी, फोनवर बोलायला गेला होता खरा.

आता ही घोंगडी काही बाजारातली नव्हती. सासरे मसाजी यांनी आपल्या मेंढ्यांची लोकर आपल्या हाताने कातरून ती विणून घेतली होती आणि लग्नात भर मांडवात जावयाच्या खांद्यावर टाकली होती. भेटले की पहिला प्रश्न घोंगडीचा. शिवहार सांगायचा, "लय ऊब आहे मामा." बायकोला, म्हणजे सीमाला, त्याने सांगितलं होतं की ऑफिसात एसी फार लागतो म्हणून ती खुर्चीवर ठेवलीय. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

हे रेकॉर्डिंग पुसायचं, आत्ताच्या आत्ता. त्याने बटण शोधलं. 'नक्की पुसायचं का?' असं यंत्राने विचारलं. तेवढ्यात दार वाजलं.

"जावईबापू, हायत का घरी?"

दारात मसाजी उभे होते. पांढरं धोतर, लाल पटका आणि काखेत नवीकोरी, गुंडाळलेली काळी घोंगडी.

"एक हापिसात, एक घरात," ते म्हणाले. "थंडी काय निस्ती हापिसातच पडती व्हय?"

शिवहारने वाकून नमस्कार केला. घोंगडीकडे बघायची हिंमत त्याला झाली नाही. सीमा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिची नजर गेली ती नेमकी त्याच्या हातातल्या यंत्रावर.

"काय पुसून राहिले तुमी?"

"काही नाही, जुनं आहे. जागा अडते."

"आबाच्या मेंढरांचा आवाज हाय तो! तो पुसता?" तिने रेकॉर्डर हातातून काढूनच घेतला. "आबा, तुमची मेंढरं हायत ह्याच्यात."

"माही मेंढरं?" मसाजी खुर्चीच्या टोकावर आले. "ह्या डबीत? ऐकू द्या की मंग!"

शिवहारने मेंदू चालवला (असे प्रसंग त्याच्यावर कचेरीत येत नसत). त्याने चपळाईने जुना हेडफोन उचलला आणि सासऱ्याच्या पटक्यावरून कानांवर बसवला. जुन्यात तो माणूस ऐकू येत नव्हता, म्हणजे धोका नव्हता. मसाजींनी डोळे मिटले. नऊ मिनिटं ते बसून होते. मधूनच "ही भुरी" किंवा "हे बांडं लय वांड हाय" असं मोठ्यांदा सांगत होते. कपाळाला एक आठी मात्र पडलेली होती. संपल्यावर त्यांनी हेडफोन काढला. शिवहारने सुटकेचा श्वास घेतला.

"आता त्यो दुसरा द्या."

"तो? तो लोकांचा आहे मामा. आणि आवाज सारखाच आहे, अगदी सारखा!"

"सारखाच हाय तर तीन दिवसांपासून काय तपासून राहिले?" सीमा म्हणाली. "जेवायला हाक मारली तर ऐकू येत न्हाई तुमाला."

"बाजारात बी दोन जनावरं धरून पाहतो मी," मसाजी म्हणाले. "एकच पाहून भाव करत न्हाई. द्या हिकडं."

काही इलाज उरला नाही. शिवहारने सासऱ्याला नवा हेडफोन चढवला. सीमाने रेकॉर्डर मांडीवर घेऊन बटण दाबलं. घड्याळाचा आकडा तिच्याकडे होता, त्यामुळे शिवहारने मनातच मोजायला सुरुवात केली. चार मिनिटं दहा म्हणजे दोनशे पन्नास. मसाजी हसले. ऐंशी. मसाजींनी मान डोलावली. शंभर. वायरला पाय लावून बघावा काय? सीमा बघत होती. दीडशे. चहा सांडावा? चहा अजून झाला नव्हता. दोनशे. मसाजींच्या कपाळावर आठी आली. दोनशे तीस. आठी वाढली. दोनशे अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास...

मसाजींनी हात वर केला तसा सीमाने रेकॉर्डर थांबवला. मसाजींनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि जावयाकडे रोखून बघितलं.

"जावईबापू. हे काय हाय?"

शिवहारने सरळ पाय धरले.

"चुकलं मामा! घोंगडी ऑफिसात नाही! म्हणजे ऑफिसातच आहे, पण जळबाच्या मोटारसायकलीवर आहे! मानेला टोचत होती मामा, झोप लागत नव्हती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही!"

सीमाने विचारलं, "आन एसी?"

"एसी नाही."

"ऑफिसात एसीच न्हाई?"

"पंखासुद्धा एकच आहे. तोही साहेबांच्या डोक्यावर."

मसाजींनी पटका सारखा केला. मग म्हणाले, "घोंगडीचं मला काय म्हाईत? मी मेंढरांचं इचारून राहिलो व्हतो."

"मेंढरांचं?"

"उलटी येऊन राहिली ना! तुमी यंत्र भितीवर ठिवलं, तोंड वाड्याकडं. वढा उजव्या अंगाला. मेंढरं वढ्याकडून येणार, उजव्या हातानं. ह्याच्यात डाव्या हातानं येऊन राहिली! पहिल्यात बी तसंच. म्हणलं, जुना हाय, बिघडला असंल. पण ह्याच्यात बी? माही मेंढरं तिकडून कधी आलीच न्हाईत."

सीमाने हेडफोन उलटून आत बघितलं. "हे काय, एल आन आर लिहिलंय की. तुमी आबाला उलटा घातला."

"मी नेहमी असाच घालतो," शिवहार म्हणाला आणि बोलता बोलताच काय झालंय ते त्याच्या लक्षात आलं. टेबल उजवीकडे, म्हणून वायरची बाजूही उजव्या कानावर, हा त्याचा पहिल्या दिवसापासूनचा हिशोब होता. तीन वर्षांत त्याने मंडळाला अकरा तुलना लिहून दिल्या होत्या, डावी बाजू अशी आणि उजवी बाजू तशी. एका कंपनीला तर वाद्यांच्या जागा चुकवल्याबद्दल त्याने कडक पत्रही पाठवलं होतं.

"आन आबा बोलले तवा तीन मिनिटं वीस सेकंद झालते," सीमाने आकडा वाचला. "तुमी कशाला घाबरले एवढे?"

म्हणजे फोनवरचं बोलणं अजून आलंच नव्हतं! घाबरून भराभर मोजत शिवहारने पन्नास सेकंद आधीच स्वतःच्या तोंडाने सगळं ओकून टाकलं होतं. हळूहळू त्याला एक समाधानही वाटायला लागलं. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मसाजींनी नवी घोंगडी खुर्चीवर पसरली, तिच्यावर स्वतःच ऐसपैस बसले आणि सीमाकडून हेडफोन नीट, सुलटा चढवून घेतला. "बाकीचं ऐकतो," ते म्हणाले. "आता बराबर येऊन राहिली."

घोंगडीची जागा आली तेव्हा त्यांनी फक्त हं केलं. शिवहारने खाली बघितलं. पण मसाजी ऐकतच राहिले. पाच मिनिटं झाली, सहा झाली. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी एकदा जावयाकडे बघितलं, एकदा लेकीकडे. शिवहारला आठवलं की दुपारी त्याने घोंगडीपाशीच रेकॉर्डर बंद केला होता, पण दिपकशी त्याचं बोलणं चांगलं लांबलं होतं. कशाबद्दल लांबलं होतं तेही आठवायला लागलं.

मसाजींनी हेडफोन काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुढे केला.

"सीमे, माहं झालं," ते म्हणाले. "हितून पुढं समदं तुह्याबद्दल हाय."

सीमाने एल कुठे, आर कुठे ते नीट बघून हेडफोन चढवला, रेकॉर्डर शिवहारच्या हातात दिला आणि त्याच्यासमोर बसली.

"आवाज वाढवा," ती म्हणाली.