कोंडीरामांची हद्दपारी

"आमच्याकडे कोणी नाही कसं? आहे!" बाबुराव मोबाइलवर एवढ्या जोरात ओरडले, की शेजारी बसलेल्या शैलाताईंच्या बशीतला चहा हिंदकळला.

त्यांची लेक पूर्वा कॅनडात दिली होती. तिचे सासरचे अकेडियन, म्हणजे इंग्रजांनी पावणेतीनशे वर्षांपूर्वी घरंदारं जाळून देशोधडीला लावलेले फ्रेंच शेतकरी. आपल्या हद्दपार पूर्वजाचं जहाजसुद्धा व्याह्यांनी शोधून काढलं होतं. "तुमच्याकडे कोणी?" असं त्यांनी सहज विचारलं, आणि कोथरूडचा स्वाभिमान दुखावला.

"आमचे पणजोबा कोंडीराम. त्यांनाही इंग्रजांनीच हाकललं. थेट अंदमान!"

आठवड्याने पूर्वाचा फोन आला. "बाबा, इथल्या अकेडियन संमेलनात दोनशे माणसं पणजोबांसाठी दोन मिनिटं उभी राहिली. आता सासरे कागद मागतायत."

"कागद? माझ्या शब्दाला काही किंमत?" बाबुराव तणतणत दप्तरखान्यात गेले. तिथल्या कारकुनाने तासभर याद्या चाळल्या आणि चष्मा काढला.

"अंदमानात नाहीत. घरी विचारलंत का आधी?"

हा अपमान गिळून बाबुरावांनी बिबवेवाडी गाठली. नव्वदीची हेमाआत्या ही कोंडीरामांची सख्खी नात.

"अंदमान?" आत्या खो खो हसली. "अरे, इथंच खडकीला होते आजोबा! मावसभावाकडे."

"खडकीला? इंग्रजांनी धाडलं?"

"इंग्रजांना काय पडलंय? मुक्ताईआजीनं काढलं घराबाहेर. ती माहेरी गेलेली, तर यांनी तिची दुभती म्हैस मित्राला देऊन टाकली. शब्द दिला होता म्हणे!"

"एका म्हशीपायी घरच्या कर्त्या पुरुषाला?" बाबुरावांना पणजोबांच्या वतीने संताप आला. परंतु तिकडे दोनशे माणसं उभी राहिली होती. दोन दिवस बाबुरावांना जेवण गेलं नाही. शेवटी शैलाताईंनीच त्यांच्याच मोबाइलवरून कॅनडाला व्हिडिओ कॉल लावून तो त्यांच्या हातात दिला.

बाबुरावांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. पूर्वाने भाषांतर केलं. मग विहीणबाईंनी काहीतरी विचारलं.

"त्या विचारतायत, म्हैस परत मिळाली का?"

हे बाबुरावांनी विचारलंच नव्हतं! त्यांनी तिथल्या तिथे शैलाताईंच्या फोनवरून आत्याला गाठलं आणि स्पीकर लावला.

"मिळाली की!" आत्या म्हणाली. "आजीनं आठ दिवसांत परत आणली. आजोबांना आणायला मात्र चौदा वर्षं लावली."

पूर्वाने भाषांतर करताच कॅनडातल्या विहीणबाई एकट्याच खुर्चीतून उठल्या आणि मुक्ताईसाठी ताठ उभ्या राहिल्या.

बाबुराव काही बोलणार, तेवढ्यात इकडे शैलाताईही उठल्या.