आदर्श डासोत्पत्ती स्थान

डास निर्मूलन खात्याने सखोल विचारांती असा निष्कर्ष काढला, की नागरिक घरातल्या अळ्या नष्ट करत नाहीत, कारण अळी कशी दिसते हेच त्यांना ठाऊक नाही. सबब, नागरिकांना पाहता यावी म्हणून खात्याच्या आवारात जिवंत अळ्यांची एक टाकी बांधण्यात आली. टाकीला कठडा केला, कठड्याला रंग दिला आणि 'आदर्श डासोत्पत्ती स्थान' असा फलक लावला. देखभाल डास निरीक्षकांकडे आली. ते बायकोसह आवारातल्याच सरकारी खोल्यांत राहत आणि त्यांची खिडकी नेमकी टाकीवर उघडत असे.

निरीक्षकांची सगळी हयात अळ्या मारण्यात गेलेली. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात त्यांनी सवयीने टाकीत औषध ओतलं आणि 'शासकीय अळ्यांची जीवितहानी' या सदराखाली नोटीस पदरात पाडून घेतली. मग मत्स्य खात्याने आपल्या योजनेप्रमाणे टाकीत अळ्या खाणारे मासे सोडले. ते मासे एकेक पकडून सन्मानाने परत पाठवताना निरीक्षकांची त्रेधातिरपीट उडाली. पुढे धुराची गाडी सुरू झाली. ती गल्लीभर धूर सोडायची आणि कठडा आला की यंत्र बंद करून अदबीने पुढे जायची. ही सवलत डासांच्या लवकरच ध्यानात आली. गाडीचा आवाज झाला, की गल्लीतले सगळे डास कठड्याच्या आत येऊन बसू लागले.

अशात निरीक्षकांची बायको तापाने फणफणली.

"तुमच्या ऑफिसचाच डास," ती पांघरुणातून म्हणाली. "चावायच्या आधी अर्धा तास नुसता इकडून तिकडे फिरत होता."

एवढं बोलून तिने पांघरूण डोक्यावर ओढलं. घरात माणसं दोनच. त्यातलं बोलणारं माणूस आडवं झाल्यावर घर खायला उठलं. ते तडक साहेबांकडे गेले.

"साहेब, टाकी रिकामी करू या. घरी आजारपण आलंय. टाकीतलाच डास चावला."

"अशक्य," साहेब म्हणाले. "आपल्या टाकीत फक्त अळ्या असतात. अळीला पंख फुटले, की ती आपल्या अखत्यारीत राहत नाही. धूर विभागाकडे वर्ग होते."

"मग धूर विभागाला सांगा."

"ते कठड्याच्या आत येऊ शकत नाहीत. कठडा आपला आहे."

निरीक्षक बाहेर आले, टाकीचं बूच उपटलं आणि शासकीय अळ्या गटारात सोडून दिल्या. टाकी बांधल्यापासून पहिल्यांदाच त्यांना आपण खात्याचं काम केल्यासारखं वाटलं.

साहेबांना हे कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठून पुन्हा खुर्चीतच बसले. "अहो, उद्या वरिष्ठांची पाहणी! संध्याकाळपर्यंत टाकी भरा, नाहीतर निलंबन. आणि निलंबन म्हणजे खोल्याही सोडाव्या लागतील."

आजारी बायकोला घेऊन जायचं कुठे? निरीक्षक वाडगा घेऊन दारोदार निघाले.

"ताई, घरात कुठे पाणी साचलंय का?"

"आमच्याकडे? छे! शेजारी बघा, त्यांच्याकडे सगळाच आनंद आहे."

शेजारच्यांनी पलीकडचं दार दाखवलं, पलीकडच्यांनी वरचा मजला. वरच्या मजल्यावरून ते पुन्हा ताईंकडेच येऊन पोचले. दमलेल्या निरीक्षकांच्या तोंडून शेवटी, कसं कोण जाणे, निघून गेलं, "ताई, उत्कृष्ट अळ्यांना खातं प्रशस्तिपत्र देणार आहे. फोटोसकट."

"असं आधी नाही का सांगायचं!" ताई आत पळाल्या.

घटकाभरात टाकीपासून गल्लीच्या टोकापर्यंत रांग लागली. कुणी कुंडीखालची बशी आणली, कुणी गच्चीवरचा टायर, कुणी पिंप, तर एका गृहस्थांनी हौसेने माशांविना पडून असलेलं मत्स्यालयच उचलून आणलं. "ढकलू नका हो, माझ्या सांडतील!" "तुमच्या काल-परवाच्या दिसतायत, आमच्या वर्षभराच्या मुरलेल्या आहेत!" टाकी काठोकाठ भरली. साहेबांचे डोळे पाणावले.

तेवढ्यात शाल गुंडाळून, धापा टाकत निरीक्षकांची बायको आली. तिच्या हातात फ्रिजमागचा ट्रे होता आणि ट्रेमध्ये नुसती वळवळ.

"आपल्या घरच्याही घ्या," ती म्हणाली. "उगाच आपणच का मागे राहायचं?"

निरीक्षकांनी ट्रेकडे पाहिलं, मग तिच्या तापलेल्या चेहऱ्याकडे. त्यांना हसू येईना आणि रडताही येईना. त्यांनी तिला धरून घरात नेलं, निजवलं आणि मग घरातला एकेक कोपरा स्वतः पालथा घातला.

स्पर्धेचा निकाल अद्याप जाहीर झालेला नाही. प्रवेशिका स्वीकारणं सुरू आहे. वाचकहो, हसणं झालं असेल, तर उठून जरा फ्रिजमागे डोकावून या. तुमच्याकडे काही नसेल याची आम्हालाही खात्री आहे. शेजाऱ्यांनी तुमचं नाव सुचवलं, एवढंच.