दोन मिनिटांचा नियम

जावईबापूंच्या हातून जे घडलं ते चांगल्या हेतूने घडलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. (वाईट हेतूने काही करायचं तर जरा तयारी लागते, आणि तयारी हा त्यांचा प्रांत नव्हे.)

त्यांना घरीदारी सगळे जावईबापूच म्हणत, कारण सासूबाई त्यांच्याकडे राहायला आल्यापासून त्या घरात दुसरं कुठलं नाव ऐकूच येत नसे. पत्ते खेळायच्या एका साइटची देखभाल ते एकट्याने करत. झोपायच्या खोलीत, कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये एक टेबल कसंबसं बसवलं होतं, तेच त्यांचं ऑफिस. लग्नाच्या वेळी सासूबाईंना 'मुलगा कंप्युटरमध्ये आहे' एवढंच सांगितलं होतं. आपल्या मुलीचा नवरा दिवसभर बदाम आणि चौकट सांभाळत बसतो, हे सांगायचा धीर जावईबापूंना नऊ वर्षांत झाला नव्हता.

दर मंगळवारी दुपारी बारा वाजता ते साइट अपडेट करत आणि खाली 'या आठवड्यातल्या सुधारणा' अशी यादी लावत. 'बदामाचा गुलाम अधूनमधून उलटा दिसत असे, आता सरळ दिसेल.' 'हरणाऱ्यासाठी टाळ्या वाजत होत्या, त्या बंद केल्या आहेत.' असं ते काम. लोकांच्या तक्रारींना उत्तरंही तेच देत, 'मदतनीस' या नावाने. उत्तर ठरलेलं होतं : 'आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे. लवकरच पाहतो.' हे वाक्य त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की स्वयंपाकघरातला नळ गळतोय असं बायको म्हणाली तेव्हाही तोंडातून तेच निघालं. तेव्हापासून नळ गळत होता आणि नोंद घेतलेली होती.

त्या मंगळवारी त्यांनी एक छोटासा निर्णय घेतला. काही महाभाग आपली पाळी आली की आंघोळीला निघून जात आणि बाकीचे तिघं हातात पानं धरून ताटकळत बसत. जावईबापूंनी नियम केला : दोन मिनिटांत पान टाकलं नाही, तर कंप्युटर तुमचं सगळ्यांत लहान पान टाकून देईल. आणि महिन्याहून जास्त काळ अडकून पडलेली टेबलं साफ. बारा वाजता बटण दाबलं. तेवीस टेबलं पुसली गेली. जुन्या राखीव प्रतीवरच साइटची नवी प्रत काढून ठेवली, म्हणजे जुनी प्रतही गेली. जावईबापूंनी हात झटकले आणि स्वतःवर खूश होऊन खुर्ची मागे रेलली. (त्या खुर्चीचं एक चाक मोडलेलं होतं, म्हणून ते जास्त वेळ खूश राहू शकत नसत.)

बारा वाजून दहा मिनिटांनी दिवाणखान्यातून किंकाळी आली.

"मेल्याने मोडलं गं सगळं!"

जावईबापू दारापर्यंत धावले. सासूबाई सोफ्यावर बसल्या होत्या, टॅबलेट मांडीवर, चष्मा कपाळावर.

"काय झालं आई?"

"काही नाही. तुम्ही तुमचं काम करा." असं म्हणून त्या एका बोटाने काहीतरी टाइप करू लागल्या. बराच वेळ टाइप करत होत्या. शेवटी त्यांनी बोट उचललं, आणि त्याच क्षणी जावईबापूंच्या खोलीत 'टुण' वाजलं.

जावईबापू परत जाऊन बघतात तो नवी तक्रार. पाठवणारी : इस्पिकराणी. टेबल क्रमांक तीनशे बारा. म्हणजे इस्पिकराणी सोफ्यावरच बसली होती! ही इस्पिकराणी गेली दोन वर्षं त्यांना आठवड्यातून तीन पत्रं लिहीत होती, आणि ते तिला नोंद घेतल्याचं कळवत होते.

'मदतनीस यांस,' सासूबाईंनी लिहिलं होतं. 'आम्ही चौघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. आता चार गावांत आहोत. रोज चार वाजता तुमच्या टेबलावर बसतो. आमच्यातल्या शिवणवालीच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, ते चिघळलं, आणि डॉक्टरांनी पडद्याकडे बघायची बंदी केली. तेव्हा पानं नुकतीच वाटली होती आणि पहिली उतारी तिची होती. आम्ही तिघींनी ठरवलं, ती येईपर्यंत हा डाव पुढे न्यायचा नाही. एकेचाळीस दिवस आम्ही रोज चारला तिथे बसतो, गप्पा मारतो आणि तिच्या पानाची वाट बघतो. हे तिला कळवलं होतं. ती म्हणाली, माझ्यासाठी कुणी तरी थांबलंय या एवढ्यावर मी पट्टी सहन करते. शुक्रवारी पट्टी निघतेय. शुक्रवारी चार वाजता ते टेबल नसेल, तर मी तिला काय सांगू?'

जावईबापूंनी पत्र दोनदा वाचलं. मग खिडकीतून बाहेर बघत बसले. आपण हे काय करून बसलो, असं त्यांना झालं. सरळ उठून बाहेर जावं आणि 'आई, तो मेला मीच' असं सांगावं, हे त्यांच्या मनात आलं. दारापर्यंत गेलेही.

"बघा ना जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "एका साइटवर कुणी अकलेचा खंदक बसवून ठेवलाय."

"असतात आई असे लोक," जावईबापू म्हणाले आणि परत फिरले.

आता पानं आणायची कुठून? टेबल नवं मांडता येत होतं, पण कुणाकडे कुठली पानं होती हे कुठेच उरलं नव्हतं. शेवटी मदतनीसाने चौघींना पत्र धाडलं : कृपया आपापली तेरा पानं आठवून गुप्तपणे कळवावीत.

उत्तरं बुधवारीच आली. सासूबाईंकडे तीन एक्के. त्यांच्यातल्या मास्तरीणबाईंकडे दोन एक्के आणि चारही राजे. पोस्टातल्या बाईंकडे दोन एक्के आणि राण्यांचा सगळा गोतावळा. तिघींचे मिळून सात एक्के झाले. जावईबापूंनी गठ्ठ्यात चारच असतात याची खात्री करून घेतली. (असं काही विसरण्याइतके ते गोंधळलेले होते.)

शिवणवालीचं पत्र तिच्या मुलीने लिहून पाठवलं होतं. 'आईने न थांबता सांगितलं. डोळ्यांवर पट्टी असल्यावर दुसरं काय करणार, रोज पानंच मोजते.' खाली तेरा पानं : दुऱ्या, तिऱ्या, चव्व्या, पंज्या. किलवरचा गुलाम हा त्या घराण्यातला सगळ्यांत कर्तबगार पुरुष. ती यादी खरी आहे हे जावईबापूंना बघताक्षणी कळलं. इतकी वाईट पानं कुणी मनाने रचत नाही.

इथे त्यांनी शहाणपणा केला. तिघींना लिहिलं, 'आपल्या एक्क्यांची बेरीज सात होते. आपल्या मैत्रिणीची पानं मात्र अत्यंत हलकी आहेत. तरी पुन्हा नीट आठवून कळवावे.'

गुरुवारी सकाळी तिन्ही उत्तरं दहा मिनिटांत आली. सासूबाईंनी लिहिलं, 'माझी आठवण चुकली. माझ्याकडे एकही एक्का नव्हता. तिच्याकडेच असणार, औषधांच्या गुंगीत विसरली असेल.' मास्तरीणबाईंचे चारही राजे रातोरात नाहीसे झाले होते. पोस्टातल्या बाईंनी तर आपल्याला पानंच कमी वाटली गेली होती असं ठासून सांगितलं. सात एक्क्यांचे आता शून्य झाले होते.

"काय रडताय?" चहा घेऊन आलेल्या बायकोने विचारलं.

"रडत नाहीये. चार एक्के कुणालाच नकोयत."

"बरं. आणि नळ?"

"नोंद घेतली आहे."

चार एक्के कुणालाच नकोत, म्हणजे ते शिवणवालीला द्यायचे, असा सरळ हिशोब जावईबापूंनी केला. तिला चार एक्के, चार राजे, वर हुकमाची राणी अशी पानं लावली, बाकीची तिघींत वाटली आणि टेबल तीनशे बारा मांडून ठेवलं. एका आजारी बाईला राज्याभिषेक केल्यासारखं त्यांना वाटत होतं. त्या दिवशी त्यांनी जेवताना भाजी दोनदा मागून घेतली.

शुक्रवारी चार वाजता ते दार लावून पडद्यासमोर बसले. बाहेर सासूबाई नवी साडी नेसून सोफ्यावर. एकेक नाव टेबलावर उजळलं. तीन झाली. चौथं येईना. मग आलं.

'आले गं बायांनो,' शिवणवालीने लिहिलं. 'धूसर दिसतंय, पण दिसतंय. दहा मिनिटांची परवानगी आहे.'

बाहेरून सासूबाईंनी नाक शिंकरल्याचा आवाज आला. जावईबापूंनीही चष्मा पुसला. पुसून परत घातला तर टेबलाच्या कोपऱ्यात आकडे दिसले : १०४. १०३. १०२.

दोन मिनिटांचा नियम! तो काढायचाच राहिला होता.

तेवढ्यात टेबलावर ओळ उमटली. 'पण ही पानं माझी नाहीत.'

'तुझीच आहेत गं,' सासूबाईंनी लिहिलं.

'नाहीत. माझी वाईट होती, पण माझी होती. चव्वेचाळीस दिवस अंधारात मी तीच धरून बसले होते. पहिलं पान कुठलं टाकायचं तेही ठरवलं होतं. मला माझी द्या.'

७१. ७०. आता हिने पान टाकलं नाही तर कंप्युटर टाकणार, आणि तेही दुसऱ्या कुणाचं तरी. चव्वेचाळीस दिवस सांभाळलेली तिची पाळी एक यंत्र खेळून मोकळं होणार. जावईबापूंची बोटं कीबोर्डवर धावू लागली. घाईत खुर्ची सरकली, मोडकं चाक निसटलं, आणि ते टेबलाखाली गेले. ३८. ३७. बाहेर सासूबाई ओरडल्या, "अरे थांबव रे कुणीतरी ते घड्याळ!"

"थांबवतोय आई, मीच थांबवतोय!" टेबलाखालून जावईबापू किंचाळले.

आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन तसेच बसून राहिले.

"मग थांबवा ना," सासूबाईंचा आवाज आला, जराही न बदलता. "ओरडताय काय? आणि तिची पानं तिला द्या. आमची उरलेली पिसून वाटा, आम्हाला कुठलीही चालतील."

गुडघ्यावर बसूनच त्यांनी नियम काढून टाकला. आकडा चारावर थांबला. मग शिवणवालीची ती दरिद्री तेरा पानं एकेक करून तिच्या हातात ठेवली.

'हां,' तिने लिहिलं. 'हीच.' आणि चौकटची तिर्री टाकली.

त्या डावात तिला तेरापैकी एकच हात मिळाला, किलवरच्या गुलामाचा. तो मिळाल्यावर तिघींनी इतकं कौतुक केलं, की दहा मिनिटं संपून वर पाच झाली आणि तिच्या मुलीने येऊन टॅबलेट काढून घेतला. त्याआधी तिने लिहिलं, 'उद्या चारला.' सासूबाई बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसल्या होत्या.

जावईबापू बाहेर आले. कोपराला खरचटलं होतं.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या पत्रापासून. 'नोंद घेतली आहे, लवकरच पाहतो' हे मी घरात प्रत्येक कामाला ऐकत होते. तेच पडद्यावर आल्यावर ओळखणार नाही?"

"मग तोंडावर का नाही सांगितलंत? पत्रं कशाला?"

"तोंडावर सांगितलं की तुम्ही विसरता. तिथे निदान तक्रारीला क्रमांक मिळतो." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "पण आज टेबलाखाली गेलात, तरी थांबवलंत. शिवणवालीला सांगेन मी, माझ्या जावयाने थांबवलं म्हणून."

जावईबापूंना भरून आलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपल्या धंद्याचा अभिमान वाटला. ते काहीतरी नम्रपणे बोलणार, एवढ्यात दारावरची बेल वाजली. पान्या-पकडींची पिशवी घेतलेला एक माणूस आत आला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला.

"हा कोण?"

"प्लंबर," सासूबाई म्हणाल्या. "तुमचाच नियम. वेळेत पान नाही टाकलं, तर दुसरा कुणीतरी टाकतो."

"अहो आई, पण तो नियम मी आत्ताच काढला! आणि शिवणवालीसाठी तुम्ही चव्वेचाळीस दिवस थांबलात!"

"तिच्या डोळ्यांवर पट्टी होती. तुमच्या डोळ्यांना काय झालं होतं?"

प्लंबरला चार मिनिटं लागली. हात पुसत तो बाहेर आला आणि म्हणाला, "एक वायसर बदलायचा होता. दीड महिना असाच ठेवलात? घरात बघणारं कुणी नाही का?"

"आहेत की," बायको म्हणाली. "पण ते फक्त नोंद घेतात."