इन्स्पेक्टर डोईफोडेच्या घड्याळाची शेड

‘असं घड्याळ बनवतो की खुद्द डोईफोडे येऊन म्हणेल, साहेब, माझं घड्याळ परत द्या!’ चिंतामणी सबनिसाने हे वाक्य आधी बायकोला ऐकवलं, मग मुलीला ऐकवलं. दोघींनीही मान वर केली नाही, म्हणून शेवटी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. तिथे मात्र धडाधड अंगठे आले आणि माणूस फसला.

हा डोईफोडे कोण, ते आधी सांगायला हवं. टीव्हीवर एक मालिका लागते, त्यातला हा इन्स्पेक्टर. खुनी समोर बसला की हा बाबा ओरडत नाही, मारत नाही, नुसता मनगटावरच्या घड्याळाला चावी देत बसतो. किर्र, किर्र. तेवढ्यावर खुनी घळाघळा रडून सगळं कबूल करतो. त्या किर्र किर्रवर भाळलेल्या लोकांचा तो ग्रुप होता. कुणी डोईफोडेसारखा चष्मा केला होता, कुणी तसली मिशी ठेवली होती. घड्याळाला मात्र कुणी हात घातला नव्हता, कारण तसलं जुनं, चावीचं घड्याळ आता आणायचं कुठून?

चिंतामणी अंबरनाथ एमआयडीसीत पंपांच्या कारखान्यात क्वालिटीचा साहेब. डोळ्यांना दिसतं त्यावर त्याचा विश्वास नाही, मापात बसेल त्यावर आहे. घरी भाकरी गोल झाली की नाही हेसुद्धा तो पट्टी लावून सांगू शकतो, आणि एकदा सांगितलंही होतं. त्या दिवशी त्याला भाकरी मिळाली नाही, ती गोष्ट वेगळी.

तर या माणसाने काय करावं? एरवी ते घड्याळ अर्धं बाहीत असतं, म्हणून ज्या भागात ते अगदी जवळून दाखवलंय तिथे चित्र थांबवलं, कारखान्यातून मापं घ्यायचा व्हर्नियर आणला आणि टीव्हीच्या काचेला लावला. डोईफोडेच्या अंगठ्याचं नख आपल्या नखाएवढंच असणार असं धरून त्याने घड्याळाचं खरं माप काढलं. मग बॅगेतून रंगाचं शेडकार्ड काढलं, पंपांना कुठला रंग द्यायचा ते गिऱ्हाइकाला दाखवायचं असतं ते, आणि एकेक पट्टी टीव्हीला लावून बघायला लागला.

“अहो, काय चाललंय?” मालिनीने विचारलं.

“मॅच झाला. काळा नाहीच मुळी. हा आपला राखाडी. सबमर्सिबल पंपाचा.”

“टीव्हीला ओरखडा गेला तर बघा,” मालिनी म्हणाली आणि कुकर लावायला गेली. त्याच वेळी तिने त्याच्या हातातून ते कार्ड ओढून घेतलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण नवऱ्याच्या प्रत्येक खुळात लक्ष घालायचं तर बाईने कुकर कधी लावायचा?

रंग ठरला, माप ठरलं, आता घड्याळ हवं. बदलापूरच्या घरून उल्हासनगरला त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथे टहिलराम नावाचा जुना घड्याळवाला आहे. त्याच्या दुकानात बंद पडलेली घड्याळं पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवलेली असतात, चण्या-फुटाण्यांसारखी. टहिलराम डब्यामागून डबा ओतायचा आणि म्हणायचा, “ये देखो साईं, एकदम सेम.” चिंतामणी माप लावायचा आणि म्हणायचा, “नाही. पट्ट्याचे कान मोठे आहेत.” कधी कान मोठे, कधी चावी लहान, कधी काच उंच. शेवटी टहिलरामच कंटाळला. त्याने भिंग डोळ्यावरून वर केलं आणि चिंतामणीचा हात धरला.

“साईं, जे शोधताय ते हातात घालूनच तर फिरताय.”

चिंतामणीने आपल्याच मनगटाला व्हर्नियर लावला. कान बरोबर, चावी बरोबर, काच बरोबर. फक्त रंग वेगळा. याचा सोनेरी, डायल सायीच्या रंगाची.

इथे मात्र तो थबकला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. कारण ते घड्याळ साधं नव्हतं. सीमांतपूजनाला सासऱ्यांनी, म्हणजे अंबरनाथच्या नानांनी, ते स्वतःच्या हाताने त्याच्या मनगटावर बांधलं होतं. मागच्या झाकणावर भांड्यांवर नाव घालतात त्या मशीनने घातलेलं होतं: ‘चि. चिंतामणीस, देवदत्तकडून.’ बांधून झाल्यावर नानांनी चावी दिली होती आणि सगळ्या मांडवासमोर म्हणाले होते, “हे बंद पडू द्यायचं नाही.” तेव्हापासून जावई घरी आला की चहाच्या आधी नाना त्याचा हात हातात घेत आणि घड्याळाला चावी देत. आता त्यांना धड दिसत नाही, माणसं आवाजावरून ओळखतात, पण ती चावी त्यांच्या बोटांना बरोबर सापडते. त्या घरातला लाडच तो. बाकी नाना जावयाशी फारसं बोलत नसत.

‘पण मी काय वेगळं करतोय?’ चिंतामणी स्वतःला म्हणाला. ‘आतली मशीन तीच, चावी तीच. नानांना रंग कुठे दिसतोय?’ असा विचार माणसाच्या मनात आला की त्याने तडक घरी जाऊन झोपावं. चिंतामणीने घड्याळ उतरवून टहिलरामच्या हातात दिलं.

टहिलरामने ते उघडलं, मशीन डबीत घालून ठेवली आणि डायल रंगवायला घेतली. जुना रंग घासून काढला, राखाडी चढवला, आकडे नवे घातले. केस, मागचं झाकण आणि चावी चिंतामणीने रुमालात बांधून कारखान्यात नेली. असला रंग उल्हासनगरात कुणाच्या बापाला जमणार नाही, असं त्याचं म्हणणं.

पेंटशॉपमध्ये धर्मराज होता. त्या शॉपची एक रीत आहे. बाहेरच्या पार्टीचा माल असला की पावडरच्या रंगाचा एक हात. साहेबांच्या घरचं काम असलं की दोन. साहेबांच्या घरची सायकल, साहेबांच्या घरचं गेट, साहेबांच्या सासूबाईंच्या तुळशीवृंदावनाचा कठडा, सगळ्याला दोन हात. कुणी सांगावं लागत नाही, तो मान असतो. धर्मराजने घड्याळाचाही मान ठेवला. पंपांच्या झाकणांबरोबर ते भट्टीतून भाजून निघालं, खणखणीत. चिंतामणीने शेडकार्ड लावून बघितलं. तंतोतंत! त्याला इतका आनंद झाला की सवयीने त्याने त्यावर ‘ओके’चं स्टिकर लावलं.

टहिलरामने स्टिकर काढलं, केस हातात फिरवली आणि भिंगाखाली धरली.

“साईं, याचं भोक कुठे गेलं?”

चावीचं भोक बुजलं होतं. झाकणाचे आटे भरले होते. ‘चि. चिंतामणीस’ दोन हातांखाली गाडलं गेलं होतं. आणि चावी चांगली बाळसं धरून आली होती. टहिलरामने भोक कोरलं, आटे खरवडले, मशीन परत आत घातली, चावी दाबून दाबून बसवली. बसली. इतकी घट्ट बसली की ती काही केल्या फिरेना. पकडीने धरली तर पकड घसरली. जोर लावला तर आत काहीतरी कट्‌ करून तुटलं आणि टहिलरामने भिंग काढून खिशात ठेवलं.

“दिखता अच्छा है,” तो म्हणाला.

चिंतामणी घरी आला. घड्याळ बंद होतं, पण दिसायला अगदी डोईफोडेचंच, एवढ्या एका गोष्टीला धरून तो बसला होता. मालिनीला त्याने घड्याळ सर्व्हिसिंगला टाकलंय असं सांगून ठेवलं होतं. ग्रुपसाठी फोटो काढायला म्हणून त्याने ते मुलीसमोर धरलं.

“बाबा, हे राखाडी का केलंत?” प्राचीने विचारलं.

“डोईफोडेचं राखाडीच आहे. मी शेड मॅच केली आहे.”

“अहो, तो सीन फ्लॅशबॅकचा आहे ना. फ्लॅशबॅकमध्ये ते सगळंच राखाडी दाखवतात.” तिने मोबाईलवर शूटिंगच्या वेळचा एक फोटो काढून दाखवला. भरदुपारच्या उन्हात डोईफोडे वडापाव खात होता. मनगटावर घड्याळ. सोनेरी. डायल सायीच्या रंगाची.

चिंतामणी खालीच बसला. डोईफोडेचा हातही त्या सीनमध्ये राखाडी होता, तोंड राखाडी होतं, मागची भिंत राखाडी होती. शेडकार्ड मात्र फक्त घड्याळाला लावलं होतं. साऱ्या महाराष्ट्रात त्या मालिकेतल्यासारखं घड्याळ एकाच्याच हातात होतं, आणि त्याने ते पंपाच्या भट्टीत घातलं!

दुसऱ्या दिवशी तो पेंटशॉपमध्ये रंग काढायला गेला. रंग निघेना. निघणार कसा? या रंगाचा टवका उडत नाही अशी हमी गिऱ्हाइकांना जायची, आणि त्या हमीवर सही चिंतामणी सबनिसाचीच असायची. तेजाब वापरलं तर खालचा सोन्याचा मुलामाही जाणार होता. डायल तर घासून झालीच होती. त्याच्या आयुष्यात इतकं पक्कं काम दुसरं कुठलंच झालं नव्हतं.

आणि रविवारी नानांचं सहस्रचंद्रदर्शन होतं.

अंबरनाथमध्ये हॉल घेतला होता, दोन्हीकडचे नातेवाईक येणार होते. सकाळी चिंतामणीने भर उकाड्यात जाड कापडाचा, लांब बाह्यांचा झब्बा घातला. मालिनी बघत राहिली. मग काही न विचारता तिने त्याची बाही वर सारली.

तिने घड्याळ काढून घेतलं, मागे वळवून बघितलं, पुढे वळवून बघितलं. चावी फिरवून पाहिली. परत फिरवून पाहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून चिंतामणीला आपल्या सगळ्या मापांची पहिल्यांदा मनापासून लाज वाटली.

“मालू, मी आजच नानांना सांगतो सगळं.”

“काही सांगायचं नाही,” ती म्हणाली. “एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचंय त्यांना. आजच्या दिवशी त्यांना हे ऐकवाल तर याद राखा.” आणि घड्याळ त्याच्या हातात कोंबून ती साडी नेसायला गेली.

त्याने ते झब्ब्याच्या खिशात टाकलं. घरी ठेवायचं सुचलंच नाही.

हॉलमध्ये नाना पाटावर बसले होते, नवं उपरणं, कपाळाला गंध. चिंतामणीने वाकून नमस्कार केला. नानांनी आवाज ओळखला आणि सवयीने त्याचा हात धरला. बोटं मनगटावर फिरली. तिथे काही नव्हतं. ती वर गेली, खाली आली, दुसऱ्या हाताकडेही जाऊन आली.

“घड्याळ कुठाय?”

चिंतामणीचा मोकळा हात खिशाकडे गेला. मालिनीच पुढे झाली. “चोरीला गेलं हो, नाना. स्टेशनवर मारलं कुणीतरी.”

झालं. आता चोरी म्हटल्यावर नातेवाईक गप्प बसतात का? कुणाची चेन गेली होती, कुणाची पर्स गेली होती, एका मावशींची तर कापडी पिशवी आतल्या कोबीसकट गेली होती. प्रत्येकाला आपली चोरी सांगायची होती. त्यात मालिनीचा धाकटा भाऊ सुयोग बाह्या सरसावून पुढे आला.

“भाऊजी, तक्रार केलीत?”

“अं? नाही अजून.”

“कमाल करता. चला, आत्ताच्या आत्ता. पोलिसांत माझा मित्र आहे, कॅमेऱ्यात सगळं दिसतं हल्ली. तुमच्या पुढे-मागे कोण होतं, खिशात कुणी हात घातला, सगळं काढून देईल.” त्याने गाडीची किल्लीसुद्धा काढली. चिंतामणीने खिशावर हात दाबून धरला. घामाने झब्बा पाठीला चिकटला होता. आता हा आपल्याला फौजदारासमोर बसवणार, तो खिसे रिकामे करायला सांगणार आणि आपण घळाघळा रडून सगळं कबूल करणार, हे त्याला लख्ख दिसायला लागलं.

“सुयोग, बस खाली,” नाना म्हणाले.

“नाना, पण चोर...”

“असू दे चोर. गरजेपोटीच नेलं असेल कुणी तरी.” नानांनी चिंतामणीचं उघडं मनगट अजून धरूनच ठेवलं होतं. “नेणारा निदान रोज चावी तरी देईल ना त्याला? चालू राहील कुठेतरी. मला तेवढं पुरे.”

कोबीवाल्या मावशींनी पदराने डोळे टिपले. नानांनी दोन्ही हात जोडले आणि अंदाजाने देवाच्या फोटोकडे वळले. “ज्याच्याकडे माझं घड्याळ असेल, त्याला देव सुखी ठेवो. त्याला औक्षवंत करो.”

सगळे आपोआप ‘तथास्तु’ म्हणाले. ज्याच्याकडे ते होतं त्याला आयुष्यात इतका मोठा आशीर्वाद कधी मिळाला नव्हता, आणि जमिनीत गडप व्हावंसंही इतकं कधी वाटलं नव्हतं.

“चिंतामणराव,” नाना म्हणाले, “तुम्हीही मनात काही ठेवू नका. म्हणा, त्याला माफ केलं.”

“नाना, अहो...”

“म्हणा.”

“माफ केलं,” चिंतामणी खाली बघत म्हणाला.

मालिनी एक्याऐंशी दिव्यांचं ताट घेऊन शेजारीच उभी होती.

“मी नाही केलं,” ती म्हणाली आणि नानांना ओवाळायला लागली.