पाडसाच्या रक्तातलं अँटिबायोटिक

एका जंगलात, बाळांनो, वाघ नव्हता. ज्येष्ठ मंडळी होती. त्यामुळे वाघाची उणीव कुणाला भासत नसे.

तिथे भेकरीणबाईंचं पाडस तापानं फणफणलं. दवाखान्याचे अध्यक्ष अण्णासाहेब गवा यांनी अँटिबायोटिक सुरू केलं. गोळ्या पुरवल्या तरसकाकांनी. तरसकाका अण्णांचे व्याही. ताप उतरेना.

"रक्त तपासा," भेकरीण म्हणाली. "औषध अंगात जातंय तरी का?"

दवाखान्यात एक यंत्र होतं. उद्घाटनाचा हार अजून त्याच्या गळ्यात होता. रक्त गाळून एका बारीक नळीतून ढकलायचं. नळीत त्यातला एकेक पदार्थ वेगळा होऊन पुढेमागे बाहेर पडायचा. टोकाला विजेची तार. औषध तिला शिवलं, की कागदावरची रेघ डोंगरासारखी वर जायची.

रेघ आडवीच राहिली.

"रक्तात औषध नाही," यंत्र चालवणारं साळिंदर म्हणालं. "गोळीच कुटून यंत्रात घातली, तरी नाही. गोळीत नुसता खडू आहे हो."

"यंत्र बिघडलंय!" तरसकाका गुरगुरले.

"काका, यंत्र ठीक—"

"मोठ्यांच्या तोंडी लागू नकोस," अण्णा म्हणाले. "आधी ते चालतं का दाखव."

यंत्राची परीक्षा घ्यायला कपाटात शुद्ध अँटिबायोटिकची कुपी ठेवलेली होती. साळिंदरानं तिच्यातलं थोडं पाडसाच्या रक्तात मिसळलं. रेघ टुणकन वर गेली.

"सापडलं!" ज्येष्ठांनी टाळ्या वाजवल्या. "भरपूर औषध आहे. लिही रिपोर्टात!"

"अण्णा, ते आत्ता मीच घातलंय."

"रक्त कुणाचं?"

"पाडसाचं."

"त्यात औषध आहे ना?"

"आहे."

"मग लिही की, गाढवा!"

साळिंदरानं काटे पाडले आणि लिहिलं.

भेकरीण पुढे आली. "अण्णा, पाया पडते. ती कुपी माझ्या लेकराला द्या. खरं औषध तेवढंच उरलंय."

"वेड लागलं का, बाई? ती तपासणीची आहे! लेकराला पाजली, तर उद्या औषध शोधायचं कशानं?"

संध्याकाळी पाडस गेलं.

अण्णा जातीनं भेटायला गेले. रिपोर्ट भेकरिणीच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "बघ, आम्ही कुठे कमी पडलो नाही. तुझ्या पोरातच दम नव्हता."

तरसकाकांच्या गोळ्या आता शेजारच्या जंगलातही जातात. सोबत तोच रिपोर्ट जोडलेला असतो.

तात्पर्य: बाळांनो, मोठ्यांचं ऐका. आणि आजारी पडलात, तर खाटेवर झोपू नका. तपासणीच्या बाटलीत शिरा. खरं औषध तिथेच मिळतं.