चार्ज या एका शब्दाने गडावर भय पडिले त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे चरणी मस्तक ठेवून, वडिलांचे मुखे ऐकिले तैसे लिहिले असे. शके सतराशे नव, प्लवंगनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी एके संस्थानी राजे कैलासवासी होऊन बाईसाहेब गादी संभाळीत होत्या, आणि टोपीकरांची पलटण गडाखाली नदीकाठी येऊन उतरली, आणि बोलणी चालती तोवर कोणीही बार करू नये ऐसे ठरले. बोलण्यास निळोपंत दुभाषी जात असत. बंदरी पाद्र्याजवळ राहून ते इंग्रजी शिकले होते, आणि त्यांची बायको व लेक गडाखालील पेठेत होती.

एके दिवशी पंत छावणीतून निघता कपतान आपल्या नायबाशी हळू बोलत होता, त्यातून पंतांचे कानी एकच शब्द आला, "चार्ज", आणि कपतानाने गडाखालील घाटवाटेकडे बोट केले. पंत मागे न पाहता गडाकडे निघाले. मग धापा टाकीत वर आले आणि सदरेवर वर्तमान सांगितले.

बाईसाहेबांनी पुसिले, "याचा अर्थ काय, पंत?"

पंत म्हणाले, "घोड्यानिशी अंगावर लोटणे, हा एक. तोफेत दारू ठासणे तोही चार्ज. कोणावर आरोप ठेवणे, कामाचे मोल सांगणे, एखादी गोष्ट ताब्यात देणे, हेही तेच. पाद्री सांगे, मूळ शब्द गाडीचा. गाडीवर ओझे लादणे, त्यापासून हे सारे निघाले."

"एका शब्दास इतकी बिऱ्हाडे?" बाईसाहेब म्हणाल्या, आणि सदरेवर कोणी हसले नाही.

रुमाजीराव किल्लेदार उठले आणि बोलिले, "खाली घोड्यांवर जिने चढताहेत, गाड्याही जुंपल्या आहेत. आम्ही आधी मारा करावा. पंत, हल्ला की नाही, एवढे सांगा."

पंतांनी दोन्ही बाजू मनी तोलिल्या. हल्ला म्हणावे तर तोफा सुटतील आणि टोपीकर प्रथम पेठ जाळतील. नाही म्हणावे आणि चुकावे, तर गड जाईल. मग ते म्हणाले, "मज खाली जाऊन पुसू द्यावे." आणि बाईसाहेबांनी आज्ञा दिली, आणि गोलंदाज पेटती बत्ती घेऊन उभे राहिले, आणि पंत उतरले. मागे आपल्या तोफा, पुढे त्यांच्या. वाटेत घर लागले, तिकडे त्यांनी पाहिले नाही.

छावणीत गेले तो डेऱ्याडेऱ्यांतून कण्हणे ऐकू येई. कपतान भुईवर पडला होता, डोळे खोल गेले होते. पंतांनी पुसिले, "साहेब, चार्ज म्हणजे कोणता?" तो क्षीण स्वरे म्हणाला, "पटकीची साथ आली आहे, ओकारी-जुलाबाने माणसे मरताहेत. पलटण नायबाच्या ताब्यात दिली. घाटवाटेने माघारी जावे, एवढेच सांगितले." आणि पाणी मागितले. जवळ कोणी येईना. मग पंतांनी त्याचे डोके मांडीवर घेतले आणि पाणी पाजिले, आणि थोड्या वेळाने तो तैसाच गेला.

पंत गडाच्या दरवाजापाशी आले आणि खालूनच सारे ओरडून सांगितले. वर बत्त्या विझल्या. मग बाईसाहेबांनी तटावरून पुसिले, "पंत, तुम्ही त्यास शिवलात काय?"

पंतांस खोटे बोलता आले असते. ते म्हणाले, "शिवलो."

दरवाजा उघडला नाही. पेठेतून बायको धावत आली, तीस त्यांनी दुरूनच थांबविले, "लेकीस घेऊन घरात बैस. माझ्याकडे येऊ नको." मग दरवाजाबाहेरील पहाऱ्याच्या खोपटात राहिले. वरून टोपलीत भाकर उतरे. पोटात जरा कळ आली की पंत भिंत धरून बसत, आणि हीच ती काय, म्हणून घामाने भिजत. टोपीकर गाड्यांवर आजारी लादून घाटवाटेने निघून गेले.

पुढे काही दिवसांनी बाईसाहेबांनी स्वतः येऊन दरवाजा उघडविला आणि म्हणाल्या, "पंत, आत यावे."

पंत खोपटाच्या दारात उभे राहिले, पण पाऊल पुढे पडेना. म्हणाले, "आजचा दिवस जाऊ द्यावा."

दुसरे दिवशी ते घरी गेले. गड राहिला, पेठ राहिली, पंतही वाचले. परंतु लेकीस जवळ घेण्यास त्यांस आषाढ उजाडला. ऐसे वर्तमान जाहले, ते लिहून संपविले.